आल्प्सचे घाट आणि सायकलस्वार

खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्याच्या माथ्यावर आलेला सायकलस्वार ज्यानें एकदां पाहिला असेल, त्यास घाट म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. मुंबई-पुणें सायकल शर्यतींतील खरी झुंज या घाटांतच होत आली आहे. परंतु बोरघाट संपतो तो समुद्रसपाटीपासून साडेपांचशें-सहाशें मीटरांच्या उंचीवर. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. युरोपांतील आल्प्स पर्वतांत, फ्रान्सच्या हद्दींत, गालिबिए नांवाची एक खिंड आहे. तिची उंची २६४२ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी एक हजार मीटरांचा डोंगर रचावा, तेव्हां कोठें त्या खिंडीची बरोबरी होईल. अशा उंचीवरून एक पक्का रस्ता जातो, आणि दर उन्हाळ्यांत हजारों माणसें केवळ स्वतःच्या पायांच्या बळावर सायकली घेऊन तो चढून जातात.

हें कसें साधतें, याचें उत्तर सायकलींत शोधण्यापूर्वीं रस्त्यांत शोधलें पाहिजे.

आल्प्समधील थोर घाटांपैकीं एकहि घाट सायकलीसाठीं बांधलेला नाहीं. सिंप्लॉनचा रस्ता नेपोलियननें १८०१ ते १८०५ या काळांत करविला, तो आपल्या तोफा इटलींत उतरवितां याव्यात म्हणून. स्टेल्व्हिओचा रस्ता ऑस्ट्रियाच्या बादशाहीनें १८२० ते १८२५ या पांच वर्षांत बांधला. लोंबार्डी प्रांत त्या वेळीं तिच्या ताब्यांत होता आणि टिरोलमधून तेथें सैन्य व टपाल नेणारी आपली स्वतःची वाट तिला हवी होती. इझोआरच्या खिंडीवरील रस्ता तर फ्रेंच सैन्यानें इटलीच्या सरहद्दीकडे लक्ष ठेवून केला. तोफ असो, टपालाची गाडी असो कीं दाण्यागोट्याचा छकडा असो, ओढणारा प्राणी एकच: घोडा किंवा खेंचर. भरलेली गाडी घेऊन घोडा एका मर्यादेपलीकडे चढ चढूं शकत नाहीं, आणि उतारावर तर ती गाडी त्याच्या अंगावर येते. म्हणून इंजिनिअरांनीं उंची कापली नाहीं, ती लांबवर पसरून टाकली. सरळ रेषेंत चार किलोमीटर असलेली वाट डोंगराच्या अंगावर दुमडून दुमडून बारा किलोमीटरांची केली. स्टेल्व्हिओच्या पूर्वेकडील अंगावर कार्लो दोनेगानी या इंजिनिअरानें अशीं मागें उलटणारीं ४८ वळणें घातलीं आहेत. सह्याद्रींतहि त्याच सुमारास हीच विद्या चालू होती. बोरघाटाचा गाडीरस्ता सर जॉन माल्कम गव्हर्नर असतांना १८३० सालीं खुला झाला. तेथें घोडा होता, येथें बैल, हिशेब तोच.

घोड्याला जमणारा हा चढ शंभर मीटरांस सात-आठ मीटर, क्वचित् नऊ-दहा मीटर असा पडतो. योगायोग असा कीं, सायकलवर बसलेल्या धडधाकट माणसाची ताकदहि नेमकी तेथवरच पुरते. शंभर वर्षांपूर्वीं मेलेल्या घोड्यांच्या दमावर आजचा सायकलस्वार चढतो, असें म्हटलें तरी चालेल.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. माणूस, त्याची सायकल, कपडे आणि पाण्याची बाटली मिळून ८० किलो वजन धरावें. हें वजन एका तासांत एक हजार मीटर उंच न्यावयाचें, तर नुसत्या उचलण्यासच २१८ वॅट शक्ती लागते. टायरांचें घर्षण व हवेचा अडथळा मिळविला म्हणजे एक तृतीयांश अश्वशक्तीच्या घरांत आंकडा जातो. नामांकित शर्यतपटु तासाला दीड हजार मीटरांहून अधिक चढतो. पण कचेरींत बसून काम करणाऱ्या व रविवारीं सायकल काढणाऱ्या माणसास ही एक तृतीयांश अश्वशक्तीहि तासभर टिकवितां येत नाहीं. तो त्याच चढास दीड तास, दोन तास लावतो. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. घात होतो तो पहिल्या अर्ध्या तासांत तासाचें बळ खर्चून टाकणाऱ्याचा.

म्हणूनच घाटाची कसोटी उंचीवरून ठरवूं नये. इटलींतील मोर्तिरोलोची खिंड १८५२ मीटर, गालिबिएहून जवळजवळ आठशें मीटर ठेंगणी. परंतु तिचा रस्ता अरुंद, गाडीघोड्याची पर्वा न करतां डोंगरावर चढविलेला. माझ्झो गांवाकडून बारा किलोमीटरांपेक्षां थोड्या अधिक अंतरांत त्याचा चढ सरासरीनेंच शेंकडा दहाच्या वर जातो आणि मधल्या कांहीं टप्प्यांत तर शेंकडा अठरास भिडतो. मुरलेले शर्यतपटु तेथें सायकलीवर उभे राहून, एकेक पायडल दाबून, चालण्याच्या गतीनें सरकतांना दिसतात. उलट लोतारेची खिंड २०५८ मीटर उंच असून ब्रियांसों शहराकडून तिच्यावर जाणें हें चढणें आहे हेंच कित्येकदां जाणवत नाहीं. कारण शहरच मुळीं तेराशें मीटरांवर वसलेलें, आणि पुढचा रस्ता नदीच्या कडेकडेनें सत्तावीस किलोमीटर हळुहळू वर जाणारा.

आतां गालिबिएचा घाट उत्तरेकडून चढावयाचा म्हणजे काय, तें नीट पाहूं जातां या साऱ्या गोष्टी एकत्र आढळतात. आर्क नदीच्या खोऱ्यांत सां-मिशेल नांवाचें गांव सुमारें सातशें मीटरांवर आहे. तेथून प्रथम तेलेग्राफची खिंड लागते; बारा किलोमीटरांचा चढ, दाट झाडींतून, सांवलींत. या खिंडीची उंची १५६६ मीटर. नवख्याला येथें वाटतें कीं, अर्धें काम झालें. पण रस्ता पुढें सुमारें पांच किलोमीटर खालीं उतरून व्हाल्वार गांवांत जातो, आणि मोठ्या कष्टानें मिळविलेल्या उंचीपैकीं दीडशेंहून अधिक मीटर उंची फुकट जाते. हा उतार मनाला जितका बोंचतो, तितका पुढचा चढहि बोंचत नाहीं. व्हाल्वारहून माथा १८ किलोमीटर. पहिले कांहीं किलोमीटर ओढ्याच्या कांठानें सरळ सरळ जातात. झाडें संपतात, कुरणें लागतात, आणि पुढें भिंतीसारखा डोंगर आडवा येतो. प्लां-लाशा नांवाच्या जागीं रस्ता ओढा ओलांडून एकदम त्या भिंतीवर चढूं लागतो. येथून आठ किलोमीटर उरतात, आणि घाटाची खरी परीक्षा याच आठ किलोमीटरांत. सकाळपासून सव्वाशें-दीडशें मिनिटें पाय चाललेले असतात. झाडांची सांवली नसते. आणि हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें चतुर्थांशाहून अधिक उतरलेला असल्यानें प्रत्येक श्वासांत प्राणवायु तितका कमी येतो. शेवटचा किलोमीटर सर्वांत कठीण, शेंकडा दहाच्या आसपास.

या शेवटच्या किलोमीटराचा इतिहासहि लक्षांत घेण्यासारखा आहे. पूर्वींचा रस्ता अगदीं माथ्यावर जात नव्हता. २५५६ मीटरांवर डोंगरांतून बोगदा काढलेला होता व सर्व रहदारी त्यांतून होई. १९७६ मध्यें हा बोगदा नादुरुस्त झाल्यामुळें बंद करण्यांत आला आणि रस्ता वरून, थेट खिंडीवरून, वळविला. बोगदा पुढें २००२ मध्यें पुन्हां उघडला, परंतु सायकलवाल्यांच्या मनांतून तो उतरला तो उतरलाच. माथा न गांठतां पलीकडे जाणें यास ते घाट चढणें म्हणत नाहींत.

टूर द फ्रान्स ही शर्यत प्रथम १९११ सालीं या घाटांत शिरली. एमिल जोर्जे हा त्या दिवशीं पहिला वर पोहोंचला. शर्यतीचा प्रवर्तक आंरी देग्रांज यास या घाटाचें विलक्षण वेड होतें. बोगद्याच्या दक्षिण तोंडाशीं त्याचें स्मारक १९४९ मध्यें उभारलें आहे. पण हाच देग्रांज एका बाबतींत सायकलस्वारांचा वैरी म्हणावा लागेल. त्या काळच्या सायकलीस चालत्या गाडींत बदलतां येणारे गिअर त्याच्या शर्यतींत वर्ज्य होते. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस एकेक दंतचक्र असे, एक सपाटीचें व एक चढाचें. घाट लागला कीं खालीं उतरावयाचें, पेंचाचे कान फिरवून चाक काढावयाचें, उलटें करून पुन्हां बसवावयाचें, साखळी ताणून घ्यावयाची व मग चढूं लागावयाचें. माथ्यावर हेंच पुन्हां उलट्या क्रमानें.

पुढें ४४ दांते व मागें २० दांते असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें साडेचार मीटर पुढें जाते. तासाला आठ किलोमीटर या चढावरच्या गतीनें पाय मिनिटास तीसदांहि फिरत नाहींत; प्रत्येक फेरा म्हणजे एक जड पायरी. आजच्या सायकलीस पुढें ३४ व मागेंहि ३४ दांते ठेवतां येतात. एका फेऱ्यांत दोन मीटरांहून किंचित् अधिक अंतर पडतें व त्याच गतीस पाय मिनिटाला साठांवर फेरे करतात. काम तेवढेंच, पण तें लहान लहान घांसांत वांटलेलें. सां-एतिएनचा पॉल द व्हिव्ही, ज्याला लोक व्हेलोसिओ या टोपणनांवानें ओळखत, त्यानें आपलें आयुष्य हें तत्त्व पटविण्यांत घालविलें. तो स्वतः डोंगर चढून दाखवी आणि आपल्या मासिकांतून लिही. देग्रांजला मात्र गिअर हें म्हाताऱ्यांचें व दुबळ्यांचें साधन वाटे. व्हेलोसिओ १९३० मध्यें वारला. टूरमध्यें साखळी सरकविणाऱ्या गिअरांस परवानगी मिळाली ती १९३७ सालीं. शूर माणसाचे गुडघे कोणाच्या हट्टापायीं मोडावेत, हें कांहीं शौर्य नव्हे, आणि या वादांत देग्रांजची बाजू घेणें कठीण आहे.

तो काळ इटलींतहि असाच होता. तुलिओ काम्पान्योलो नांवाचा एक हौशी शर्यतपटु क्रोचे दाउनेच्या बर्फाळ खिंडींत चाक उलटविण्यास उतरला, पण थंडीनें बधिर झालेल्या बोटांनीं पेंचाचे कान त्यास फिरविलेच जाईनात, अशी आख्यायिका आहे. तारखेविषयीं मतभेद असले तरी त्याचें फळ सर्वांसमोर आहे: एक लहानशी कळ दाबतांच चाक सुटावें अशी युक्ति त्यानें काढली, आणि त्याच्या नांवाचा कारखाना पुढें जगभर गाजला.

चढाची ही कथा निरुपद्रवी आहे. चढावर माणूस फार तर थकतो, उतरतो, दगडावर बसतो. जिवावर बेततें तें उतारावर.

ऐंशी किलो वजन एक हजार मीटर खालीं आणतांना जी शक्ति मुक्त होते, तिच्यानें दोन लिटर गार पाणी उकळीस आणतां येईल. ती जाणार कोठें? कांहीं भाग हवा खाते. उरलेली ब्रेक लावावा तसतशी ब्रेकांत उष्णता होऊन राहते. चाकाच्या कडेवर दाबल्या जाणाऱ्या जुन्या तऱ्हेच्या ब्रेकांनीं ती कड इतकी तापते कीं, आंतली ट्यूब फुटूं शकते. यासाठीं अनुभवी स्वार ब्रेक सतत धरून ठेवीत नाहींत. वळणापूर्वीं नेटानें दाबून गति कमी करतात व वळणांत सायकल मोकळी सोडतात. दुसरा शत्रु थंडी. चढतांना घामानें भिजलेला माणूस माथ्यावर क्षणभर थांबतो आणि ताशीं साठ किलोमीटरांच्या वाऱ्यांत शिरतो. शिवाय दर हजार मीटरांस सहा-साडेसहा अंशांनीं हवा थंड झालेलीच असते. बोटें आंखडलीं कीं ब्रेक दाबला जात नाहीं. जुने शर्यतपटु माथ्यावर उभ्या असलेल्या प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र मागून घेत आणि सदऱ्याखालीं छातीवर ठेवीत. वारा अडविण्यास त्याहून स्वस्त साधन नाहीं.

१९३५ सालीं गालिबिए उतरतांना स्पेनचा फ्रान्सिस्को सेपेडा पडला आणि कांहीं दिवसांनीं रुग्णालयांत वारला. शर्यत चालू असतां पडून मेलेला टूरमधील तो पहिला स्वार. त्यानंतर सायकली बदलल्या, रस्ते गुळगुळीत झाले, डोक्यावर शिरस्त्राण आलें. तरीहि १५ जून २०२३ रोजीं स्वित्झर्लंडच्या शर्यतींत आल्बुलाची खिंड उतरतांना त्याच देशाचा २६ वर्षांचा जिनो मेडर रस्ता सोडून खालच्या घळींत कोसळला, आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावला. रस्ता चांगला झाला म्हणजे गति वाढते, आणि गति वाढली म्हणजे वळण तेंच राहूनहि अधिक आंखूड होतें. घोड्याच्या दुडकीसाठीं आंखलेलें तें वळण, आणि त्यावर येणारी गति ताशीं सत्तर-ऐंशीं किलोमीटरांची!

चढ आणि उतार दोन्ही एकाच दिवशीं पणास लागल्याचें उदाहरण स्टेल्व्हिओचें. ही खिंड २७५७ मीटरांवर आहे. प्रातो गांवापासून तिचा चढ सुमारें पंचवीस किलोमीटर लांब व अठराशें मीटर उंच. वळणांवर क्रमांक घातलेले असून ते वरून खालीं वाढत जातात, त्यामुळें चढणाऱ्यास किती उरलें तें आपोआप कळतें. इटलीची मोठी शर्यत, जिरो, १९५३ सालीं प्रथमच येथें आली. शर्यत संपावयास दोनच दिवस होते आणि स्विस ह्यूगो कोब्लेट हा फाउस्टो कोप्पीच्या सुमारें दोन मिनिटें पुढें होता. सर्वांनीं शर्यत निकालांत काढली होती. कोप्पीनें बर्फाच्या भिंतींमधून जाणाऱ्या त्या वळणांत कोब्लेटला मागें टाकलें, एकटाच माथा ओलांडला व पलीकडे बोर्मियोपर्यंत एकटाच उतरला. दुसऱ्या दिवशीं मिलानमध्यें त्यानें पांचव्यांदां जिरो जिंकली. तेव्हांपासून स्टेल्व्हिओ शर्यतींत असला कीं तोच शर्यतीचा सर्वोच्च बिंदु असतो, आणि त्या वर्षींच्या सर्वोच्च बिंदूस कोप्पीचें नांव देण्याची रीत १९६५ पासून पडली.

फ्रान्समधील आल्प द्युएझची गोष्ट निराळी. हा घाट पलीकडे जातच नाहीं. बर्फावरील खेळांच्या एका गांवांत जाऊन संपतो. बूर-द्वाझांपासून १३.८ किलोमीटर आणि २१ वळणें. सर्वांत उभा भाग अगदीं आरंभीं, पाय तापण्यापूर्वींच. मात्र प्रत्येक वळणाच्या कुशींत रस्ता जवळजवळ सपाट होतो, आणि जाणता स्वार तेथें दोन श्वास अधिक घेतो. १९५२ सालीं टूरचा एक टप्पा येथें, म्हणजे प्रथमच डोंगराच्या माथ्यावर, संपविण्यांत आला. जिंकला तोहि कोप्पीच. आतां वळणांवर विजेत्यांच्या नांवांच्या पाट्या आहेत.

ज्यास शर्यतीशीं कर्तव्य नाहीं, फक्त पर्वत पाहावयाचे आहेत, त्यानें फ्रान्सचा महा-आल्प्स मार्ग धरावा. जिनेव्हा सरोवराच्या कांठीं तोनों येथें निघून भूमध्य समुद्रावरील नीस शहरास पोहोंचणारा हा सुमारें सातशें किलोमीटरांचा रस्ता. विसाव्या शतकाच्या आरंभीं एका प्रवासी मंडळानें त्याची कल्पना काढली. मधला दुवा, म्हणजे २७६४ मीटरांवरील इझरांची खिंड, १९३७ मध्यें खुली झाली तेव्हां ती पुरी झाली. एकूण चढाची बेरीज सोळा हजार मीटरांच्या वर जाते. या भागांत कित्येक घाटांवर दर किलोमीटरास सायकलवाल्यांसाठीं दगड रोंवलेले आहेत; त्यांवर माथा किती दूर, उंची किती आणि पुढच्या किलोमीटराचा चढ शेंकडा किती, हें लिहिलेलें असतें. निराशेच्या वेळीं तो आंकडा वाचूं नये असें कांहीं जण सांगतात, पण न वाचणारा विरळा. स्वित्झर्लंडमध्यें गोटहार्डच्या खिंडीवर जाणारी जुनी ट्रेमोला वाट तर जणूं सायकलींच्याच नशिबानें वांचली. १९८० मध्यें डोंगराखालून जवळजवळ सतरा किलोमीटरांचा मोटारींचा बोगदा झाला, मोठी रहदारी जमिनीखालीं गेली, आणि दगडी फरसबंदीचीं तीं दोन डझन वळणें निवांत झालीं. चाकें त्या दगडांवर खडखडतात व हात बधिर होतात. तरी तेथें मागून मोटारीचा भोंगा क्वचितच ऐकूं येतो, आणि घाटांत याहून मोठें सुख नाहीं.

दिवस निवडतांना मात्र शहरांतील आभाळाकडे पाहून चालत नाहीं. २६ जुलै २०१९ रोजीं, ऐन उन्हाळ्यांत, टूरचे स्वार इझरां चढून पलीकडे उतरत असतांना पुढच्या खोऱ्यांत गारांचें वादळ झालें. रस्त्यावर गारांचा थर बसला आणि डोंगराचा एक भाग चिखलासह खालीं येऊन वाट बुजली. शर्यत उतारावरच थांबविली गेली व माथ्यावर नोंदलेला वेळ ग्राह्य धरला. माथ्यावर पहिला होता कोलंबियाचा एगान बेर्नाल. त्याच क्षणीं तो शर्यतींत अग्रभागीं आला, आणि दोन दिवसांनीं पॅरिसमध्यें विजयी ठरला. वादळ दुपारचें होतें. आल्प्समध्यें उन्हाळ्यांतील वादळें बहुतेक दुपारींच येतात, म्हणून तेथील लोक पहाटे निघतात व जेवणाच्या वेळेपर्यंत खोऱ्यांत परततात.

यांतील बहुतेक उंच घाट वर्षांतून चार-पांच महिनेच उघडे असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत बर्फ पडूं लागलें कीं ते बंद होतात. मे महिन्यांत यंत्रें लावून बर्फ कापण्यास आरंभ होतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यांतहि रस्त्याच्या दोन्ही अंगांस माणसाहून उंच पांढऱ्या भिंती उभ्या असतात आणि त्यांतून वितळलेल्या पाण्याचे ओहोळ डांबरावरून वाहत असतात. रात्रीं तेंच पाणी गोठतें, म्हणून त्या दिवसांत सकाळच्या पहिल्या प्रहरीं सांवलींतल्या वळणांवर फार जपावें लागतें. प्रत्येक घाटाच्या पायथ्याशीं, शेवटचें गांव सोडतांना, एक पाटी असते. तिच्यावर खिंडीचें नांव आणि त्यापुढें उघडी किंवा बंद एवढाच शब्द. ज्या दिवशीं तो शब्द बदलतो, त्याच दिवशीं दुपारपूर्वीं कोणी तरी सायकलवाला वर जाऊन आलेला असतो.